निकाल राज्यांतले, प्रश्न राजधानीचे

संसदेचे अधिवेशन सुरू झाले की कायदा मंत्रालयाच्या लेखी उत्तरांत एक तक्ता न चुकता सभागृहाच्या पटलावर येतो. देशातील पंचवीस उच्च न्यायालये, न्यायमूर्तींची मंजूर पदे १,१२२, त्यांपैकी भरलेली इतकी, रिकामी इतकी. रिकाम्या पदांचा आकडा गेली अनेक वर्षे एकूण पदांच्या पाव ते एक तृतीयांश एवढा राहिला आहे आणि प्रलंबित प्रकरणांनी साठ लाखांचा टप्पा केव्हाच ओलांडला आहे. सदस्य हा तक्ता घेतात, घडी घालतात आणि शून्य प्रहराच्या गोंधळाकडे वळतात.

उच्च न्यायालयांच्या निकालांकडे पाहण्याची राजधानीची रीतही याच जातीची आहे. निकाल आला की विचारले जाते ते एवढेच, की सर्वोच्च न्यायालयात याचे काय होणार? जणू चंडीगड, कोलकाता किंवा मुंबईत झाली ती रंगीत तालीम आणि खरा प्रयोग टिळक मार्गावर. परंतु ज्याची नोकरी जाते किंवा जो तुरुंगातून सुटतो, त्याच्या आयुष्याला कलाटणी मिळते ती बहुधा या तालमीतच. शिवाय राज्यकर्त्यांनी काय केले, कोणता कागद जपला आणि कोणता नष्ट केला, याची तपशीलवार छाननी तेथेच होते. गेल्या दोन-तीन वर्षांतील रोजगार, दिवाणी आणि फौजदारी अशा तिन्ही क्षेत्रांतील काही निकाल या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहेत.

दिल्लीच्या वेशीवर, गुरगाव आणि फरिदाबादेत पोटापाण्यासाठी आलेल्या परप्रांतीयांना सर्वांत जवळचा निकाल पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाचा. हरियाणा विधानसभेने नोव्हेंबर २०२० मध्ये स्थानिक उमेदवारांच्या रोजगाराचा कायदा केला. दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या खासगी आस्थापनांनी ठरावीक पगारापर्यंतच्या नोकऱ्यांपैकी ७५ टक्के जागा हरियाणाच्या अधिवासींनाच द्याव्यात, असे त्याचे सार. विधेयकात ही पगाराची मर्यादा मासिक पन्नास हजार होती. उद्योगांनी कुरकुर केल्यावर ती तीस हजारांवर आली आणि १५ जानेवारी २०२२ पासून कायदा लागू झाला. तीन आठवड्यांत, ३ फेब्रुवारीला, उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. स्थगितीची पुरेशी कारणे नाहीत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ती १७ फेब्रुवारीला उठवली आणि उच्च न्यायालयाने चार आठवड्यांत अंतिम निर्णय द्यावा, असे सांगितले. तो निर्णय यायला १७ नोव्हेंबर २०२३ उजाडले. न्यायमूर्ती जी. एस. संधावालिया आणि न्यायमूर्ती हरप्रीत कौर जीवन यांच्या खंडपीठाने संपूर्ण कायदाच घटनाबाह्य ठरवला.

या निकालाचे कारण ‘परप्रांतीयांना न्याय मिळाला’ या मथळ्यात मावत नाही. घटनेच्या सोळाव्या कलमाने सरकारी नोकरीत जन्मस्थान व निवास यांवरून भेदभाव करायला मनाई केली आहे. निवासाची अट अपवाद म्हणून घालायचीच असेल, तर तो अधिकार त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमाने दिला आहे, पण संसदेला. पस्तिसाव्या कलमाने तो राज्यांना स्पष्टपणे नाकारला आहे. जे राज्य सरकार स्वतःच्या कचेरीतील भरतीत करू शकत नाही, ते खासगी मालकाच्या गळ्यात कसे बांधू शकेल, हा न्यायालयाचा साधा प्रश्न होता. कारखान्यात शिरून नोंदवह्या तपासण्याचे जे अधिकार अधिकाऱ्यांना दिले होते, त्यांत खंडपीठाला जुन्या इन्स्पेक्टर राजची छाया दिसली.

ही तरतूद घटनेत अपघाताने आलेली नाही. ३० नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुद्याच्या दहाव्या कलमावर चर्चा झाली, तेव्हा निवासाच्या अटीवरून बराच खल झाला. प्रत्येक प्रांताने आपापले कुंपण घातले तर समान नागरिकत्वाला अर्थ काय, अशी शंका होती. आणि नोकरीपुरता येऊन निघून जाणारा उमेदवार प्रांताच्या काय उपयोगाचा, अशी दुसरी. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांच्या दुरुस्तीने मार्ग काढला तो असा, की अपवाद करायचा झाल्यास तो साऱ्या देशाच्या प्रतिनिधींनी करावा. संसदेने हा अधिकार वापरला तो १९५७ च्या कायद्याने. आंध्रातील तेलंगण, हिमाचल, मणिपूर आणि त्रिपुरा यांच्यापुरता. त्यातील तेलंगणचा भाग सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये रद्द केला आणि १९७४ मध्ये कायद्याचा अंमलच संपला. त्यानंतर आंध्रसाठी घटनादुरुस्ती करून ३७१ (ड) हे स्वतंत्र कलम घालावे लागले. एवढा इतिहास चंडीगडच्या सचिवालयातील विधी विभागाला ठाऊक नव्हता, असे मानणे त्या विभागावर अन्याय करणारे ठरेल.

मग कायदा का झाला? दुष्यंत चौटाला यांच्या जननायक जनता पक्षाने २०१९ च्या निवडणुकीत दिलेले ते आश्वासन होते आणि त्या पक्षाच्या पाठिंब्यावर भाजपचे सरकार उभे होते. कायदा टिकणार नाही हे माहीत असताना तो करणे आणि न्यायालयाने पाडला की हात झटकणे, हा आघाडीच्या राजकारणातील सर्वांत स्वस्त सौदा असतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरियाणाची बाजू मांडायला केंद्राचे महान्यायअभिकर्ता तुषार मेहता उभे राहिले, ही या प्रकरणातील खास दिल्लीची नोंद. संसदेच्या अधिकारात राज्याने केलेल्या अतिक्रमणाचा बचाव केंद्राचाच विधी अधिकारी करीत होता! सौद्याचा लाभ मात्र कुणालाच झाला नाही. मार्च २०२४ मध्ये आघाडी तुटली आणि ऑक्टोबरच्या विधानसभा निवडणुकीत चौटालांच्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही. राज्याच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये नोटीस काढली.

आंध्रने असाच कायदा २०१९ मध्ये केला. कर्नाटक मंत्रिमंडळाने जुलै २०२४ मध्ये असे विधेयक मंजूर केले आणि बेंगळुरूच्या माहिती तंत्रज्ञान कंपन्यांनी डोळे वटारताच दोन दिवसांत ते थंड्या बस्त्यात टाकले. मराठी वाचकाने यावर लगेच हसू नये. उद्योगांत ८० टक्के स्थानिक घेण्याचे धोरण महाराष्ट्रात १९६८ पासून आहे आणि डिसेंबर २०१९ मध्ये नव्या सरकारच्या वतीने झालेल्या राज्यपालांच्या अभिभाषणात त्यासाठी कायदा करण्याची घोषणा होती. सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडी भागातील गलाई व्यावसायिक दिल्लीच्या करोल बागेपासून देशाच्या कानाकोपऱ्यात सोने-चांदी गाळतात. त्यांच्या दुकानांवर उद्या तेथील राज्यांनी हीच अट घातली तर मुंबईतील भूमिपुत्रवादी त्यांच्या बाजूने कोणता युक्तिवाद करतील? अधिवासाच्या या वादाला पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशांच्या संदर्भात २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जे उत्तर दिले, तेही चंडीगडच्याच एका प्रकरणातून उगवले होते. भारतीयाला अधिवास एकच आणि तो भारताचा. प्रांतिक अधिवास ही कल्पनाच कायद्याला परकी आहे, असे तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले.

हरियाणाचा निकाल कायद्याच्या तत्त्वावर झाला. कलकत्ता उच्च न्यायालयाचा २२ एप्रिल २०२४ चा निकाल मात्र माणसांवर पडला, आणि तोही एकगठ्ठा. पश्चिम बंगालच्या शालेय सेवा आयोगाने २०१६ मध्ये घेतलेल्या परीक्षेला २३ लाखांवर उमेदवार बसले होते. नववी ते बारावीचे शिक्षक आणि शाळांतील ‘क’ व ‘ड’ गटाचे कर्मचारी मिळून जागा होत्या २४,६४०. नेमणूकपत्रे दिली गेली २५,७५३. जागांपेक्षा पत्रे अधिक, एवढी एक वजाबाकी केली असती तरी शिक्षण खात्यातील कोणत्याही लेखाधिकाऱ्याला शंका यायला हवी होती. यादीत नाव नसलेल्यांना नेमणुका मिळाल्या, यादीची मुदत संपल्यावर मिळाल्या, कोऱ्या उत्तरपत्रिका देणाऱ्यांनाही मिळाल्या. न्यायमूर्ती देबांशु बसाक आणि न्यायमूर्ती मोहम्मद शब्बर रशिदी यांच्या खंडपीठाने अखेर सगळ्याच्या सगळ्या नेमणुका रद्द केल्या आणि उघडपणे अपात्र असलेल्यांनी घेतलेला पगार बारा टक्के व्याजासह परत करावा, असा आदेश दिला.

सगळ्या का? खरे बोलायचे तर या एका प्रश्नापाशी हे सारे प्रकरण येऊन थांबते. प्रामाणिकपणे अभ्यास करून पास झालेला शिक्षक आणि पैसे मोजून आलेला शिक्षक एकाच दोरीत का बांधले गेले? उत्तर आयोगाच्या दप्तरात आहे. अधिक अचूक सांगायचे तर तेथे जे नाही, त्यात आहे. मूळ ओएमआर उत्तरपत्रिका नष्ट केल्या गेल्या होत्या आणि त्यांच्या प्रतिमाही आयोगाच्या सर्व्हरवर मिळाल्या नाहीत. तपासणीचे काम ज्या कंपनीला दिले होते तिच्या एका माजी कर्मचाऱ्याकडे, दिल्लीला लागून असलेल्या गाझियाबादेत, केंद्रीय अन्वेषण विभागाला तीन हार्ड डिस्क सापडल्या. त्यांतील गुण आणि आयोगाच्या नोंदीतील गुण जुळेनात. एका राज्याच्या हजारो शिक्षकांची गुणवत्ता सिद्ध करणारा एकमेव पुरावा दुसऱ्या राज्यातील एका खासगी घरात निघावा, ही गोष्ट प्रशासनात आयुष्य घालवलेल्या वाचकांना निराळी समजावून सांगायला नको. मूळ कागदच नसेल तर निर्दोष माणूसही स्वतःला निर्दोष ठरवू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश संजीव खन्ना आणि न्यायमूर्ती संजय कुमार यांनी ३ एप्रिल २०२५ रोजी हाच निष्कर्ष उचलून धरला. गैरप्रकारांपेक्षा ते झाकण्यासाठी केलेल्या उद्योगांमुळे भरतीची प्रक्रिया दुरुस्तीपलीकडे गेली, असे त्यांचे मत पडले.

निर्दोषांना थोडे मोकळे केले गेले. ज्यांच्याविरुद्ध काही सापडले नाही त्यांच्याकडून पगाराची वसुली नाही. जे पूर्वी राज्याच्या दुसऱ्या खात्यात होते त्यांना जुन्या खात्यात परत जाण्याचा अर्ज करण्याची मुभा. कर्करोगाशी झुंजणाऱ्या एका शिक्षिकेची नोकरी माणुसकीच्या आधारावर कायम. १७ एप्रिलला आणखी एक सवलत मिळाली. डागरहित शिक्षकांना डिसेंबर २०२५ अखेरपर्यंत शिकवू द्यावे, तोवर नवी भरती पुरी करावी. ही मुदत पुढे वाढवावी लागली. ‘क’ आणि ‘ड’ गटाच्या कर्मचाऱ्यांना ही सवलत नव्हती. राज्याने त्यांना दरमहा पंचवीस व वीस हजार रुपयांचे साहाय्य जाहीर केले, तर जून २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तेही रोखले. नवी परीक्षा ७ आणि १४ सप्टेंबर २०२५ ला झाली. नऊ वर्षांपूर्वी उत्तीर्ण होऊन वर्गात उभे राहिलेले शिक्षक, त्यांच्या हाताखाली शिकून पदवीधर झालेल्या मुलांबरोबर एकाच बाकावर बसले. अनुभवाला दहा गुण द्यायचे की नाही, यावरून नवे उमेदवार पुन्हा न्यायालयात गेले. त्यांचे तरी काय चुकले?

या परीक्षेच्या आठवडाभर आधी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून आयोगाने १,८०४ डागी शिक्षक-उमेदवारांची नावे प्रसिद्ध केली. ही यादी आयोगाने आधीच आपण होऊन, पुराव्यासह न्यायालयापुढे ठेवली असती तर? निकाल बदललाच असता असे ठामपणे म्हणता येणार नाही. पण राज्य सरकार शेवटपर्यंत कुणाला वाचवत होते, हे तरी कळले असते. माजी शिक्षणमंत्री पार्थ चटर्जी यांना जुलै २०२२ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने अटक केली होती. दुसऱ्या बाजूला, या घोटाळ्याची चौकशी केंद्रीय यंत्रणेकडे देणारे न्यायमूर्ती अभिजित गंगोपाध्याय यांनी मार्च २०२४ मध्ये राजीनामा दिला, दोनच दिवसांत भाजपमध्ये प्रवेश केला आणि तमलुकमधून ते लोकसभेत आले. त्यांचे आदेश कायद्याच्या कसोटीवर बरोबर असतीलही. खंडपीठाने आणि सर्वोच्च न्यायालयाने घोटाळा मान्यच केला आहे. पण नोकरी गेलेल्या शिक्षकाला आपला न्याय एका भावी उमेदवाराने केला असे वाटत राहिले, तर त्याचा दोष त्या शिक्षकाला कसा द्यायचा? याच गंगोपाध्याय यांनी मे २०२३ मध्ये प्राथमिक शाळांतील ३२ हजार नेमणुकाही रद्द केल्या होत्या. त्या निकालावर खंडपीठाने ३ डिसेंबर २०२५ रोजी बोळा फिरवला. सर्वत्र गैरप्रकार झाल्याचे सिद्ध नाही आणि नऊ वर्षांच्या सेवेनंतर सरसकट नोकरी काढून घेता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता. एकाच राज्यात, एकाच न्यायालयात, शिक्षकांच्या दोन भरत्यांचे दोन टोकांचे शेवट झाले.

महाराष्ट्रातही शिक्षक पात्रता परीक्षेच्या २०१९-२० मधील घोटाळ्यात परीक्षा परिषदेने सात हजार आठशेंवर उमेदवारांवर कारवाई केली. तेथे निदान उमेदवारवार यादी करता आली. बाकीच्यांची प्रमाणपत्रे वाचली ती त्यामुळे.

दिवाणी न्यायाचे उदाहरण घ्यायला दिल्लीबाहेर जाण्याची गरज नाही. नवी दिल्ली स्थानकातून विमानतळावर जाणारी मेट्रो आपल्यातील बहुतेकजण वापरतात. ही मार्गिका २००८ च्या करारान्वये रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चर आणि एका स्पॅनिश कंपनीच्या संयुक्त कंपनीने चालवायची होती. फेब्रुवारी २०११ मध्ये ती सुरू झाली. जुलै २०१२ मध्ये पुलाच्या बांधकामातील दोषांमुळे बंद पडली. दुरुस्त्या झाल्या नाहीत असे सांगून कंपनीने ऑक्टोबरमध्ये करार संपवल्याची नोटीस दिली. गंमत अशी, की जानेवारी २०१३ मध्ये मेट्रो सुरक्षा आयुक्तांचे प्रमाणपत्र मिळून हीच गाडी त्याच पुलावरून पुन्हा धावू लागली. तरीही लवादाने मे २०१७ मध्ये दिल्ली मेट्रोने कंपनीला २,७८२ कोटी रुपये आणि व्याज द्यावे, असा निवाडा केला. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने जानेवारी २०१९ मध्ये तो रद्द केला, कारण लवादाने सुरक्षा आयुक्तांच्या प्रमाणपत्राचा विचारच केला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये उच्च न्यायालयाला चूक ठरवले, पुनर्विचार याचिकाही फेटाळली आणि व्याजाचा मीटर फिरत फिरत रक्कम आठ हजार कोटींच्या आसपास गेली. दिल्ली मेट्रोत केंद्र आणि दिल्ली सरकार यांची निम्मी-निम्मी भागीदारी. म्हणजे हा पैसा शेवटी तिकिटातून किंवा करातूनच जायचा. १० एप्रिल २०२४ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने क्युरेटिव्ह याचिका मान्य केली, सर्वोच्च न्यायालयाच्याच हातून अन्याय झाल्याचे कबूल केले आणि उच्च न्यायालयाचा निकाल पुन्हा उभा केला. क्युरेटिव्ह याचिका मान्य होणे ही अतिदुर्मिळ घटना. प्रयोगापेक्षा तालीम बरोबर ठरली, असे म्हणायला हरकत नाही.

नोकरशाहीने यातून जो धडा घेतला तो मात्र वेगळाच. ३ जून २०२४ रोजी अर्थ मंत्रालयाने सूचना काढली, की सरकारी खरेदी व कंत्राटांत लवादाचे कलम आपोआप घालू नये आणि शक्यतो दहा कोटींच्या आतील वादांपुरतेच ठेवावे. मोठे तंटे आता पुन्हा दिवाणी न्यायालयांत, म्हणजे त्याच अपुऱ्या न्यायाधीशांच्या पुढ्यात येणार. सही करायची नाही, वरच्या न्यायालयात जायचे, निकाल आला की तो पाळायचा, म्हणजे आपल्यावर ठपका नाही, ही मंत्रालयीन वृत्ती त्यात दिसते. देशातील सर्वांत मोठा पक्षकार सरकारच का आहे, याचेही हेच उत्तर आहे.

फौजदारी क्षेत्रात गेल्या वर्षा-दोन वर्षांत सर्वाधिक खळबळ उडवली ती दोन निकालांनी. पहिल्याबद्दल थोडक्यातच. कासगंजच्या एका अल्पवयीन मुलीच्या प्रकरणात अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एकलपीठाने १७ मार्च २०२५ रोजी आरोपींची कृती बलात्काराचा प्रयत्न ठरत नाही, ती फार तर तयारी होती, असे म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन २६ मार्चला त्याला स्थगिती दिली. न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या पीठाने निकालातील असंवेदनशीलतेवर कठोर शब्दांत टीका केली. मराठी वाचकांना यावरून नागपूर खंडपीठाचा जानेवारी २०२१ चा निकाल आठवेल. कातडीचा कातडीला स्पर्श झाला नाही म्हणून बाललैंगिक अत्याचार कायद्याचे कलम लागत नाही, असे त्यात म्हटले होते आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. संसदेने २०१२ मध्ये कायदा केला तेव्हा उद्देश स्पष्ट होता. शब्दांचा कीस काढून तो हरवता येतो, हे दोनदा दिसले.

दुसरा निकाल मुंबई उच्च न्यायालयाचा. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसे मेली, आठशेवर जखमी झाली. मोक्का न्यायालयाने ३० सप्टेंबर २०१५ रोजी बारा जणांना शिक्षा सुनावली. पाचजणांना फाशी, सातजणांना जन्मठेप. फाशीच्या शिक्षेला उच्च न्यायालयाची पुष्टी लागते. ती सुनावणी सलगपणे सुरू व्हायला जुलै २०२४ उजाडले, म्हणजे जवळजवळ नऊ वर्षे. एवढ्यात एक आरोपी नागपूरच्या कारागृहात असताना कोविडने मेला. अधिवेशनातील तो तक्ता, ज्याची घडी घातली जाते, तो येथे असा दिसतो.

न्यायमूर्ती अनिल किलोर आणि न्यायमूर्ती श्याम चांडक यांच्या खंडपीठाने २१ जुलै २०२५ रोजी सर्व आरोपींना निर्दोष ठरवले. सरकार पक्ष आरोप सिद्ध करण्यात पूर्णपणे अपयशी ठरला, हे निकालाचे सार. स्फोटांत कोणत्या प्रकारचे बॉम्ब वापरले हेसुद्धा सिद्ध झाले नव्हते. आरोपींना पाहिल्याचे सांगणारे टॅक्सीचालक शंभर दिवसांनंतर पुढे आले. ओळखपरेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला ती घेण्याचा अधिकारच उरला नव्हता. जप्त वस्तूंची मोहोरबंद साठवण नीट नव्हती. आणि कबुलीजबाब? छळ करून घेतल्याचा आरोप न्यायालयाला ग्राह्य वाटला, शिवाय निरनिराळ्या जबाबांतील मजकूर एकमेकांशी इतका मिळताजुळता होता, की त्यांवर विसंबता येईना.

निकालाविरुद्ध संताप उसळला तो समजण्यासारखा होता. ज्यांच्या घरची माणसे गेली त्यांना एकोणीस वर्षांनी सांगण्यात आले, की खरे गुन्हेगार कोण ते माहीत नाही. पण संतापाचा रोख न्यायालयाकडे वळला आणि तपासाकडे वळला नाही, यात आपल्या राजकारणाची सोय आहे. राज्य सरकारने निकालाला आव्हान दिले ते तीन दिवसांच्या आत. त्याच तडफेने तपासाची चौकशी जाहीर झाली असती, तर ती पीडितांच्या अधिक उपयोगी पडली असती. बारा निरपराध माणसे आत ठेवल्याने बारा अपराधी बाहेर राहतात, हा हिशेब विधिमंडळात किंवा संसदेत मांडायला कुणाला मते मिळत नाहीत.

मोक्का हा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा. पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा म्हणून चालतो, ही त्याची खासियत. सर्वसाधारण कायद्यात पोलिसापुढचा कबुलीजबाब पुरावा ठरत नाही, आणि त्यामागे इंग्रजी अमदानीपासूनचा अनुभव आहे. गुजरातच्या अशाच विधेयकाला राष्ट्रपतींची संमती वर्षानुवर्षे मिळाली नव्हती. अखेर ती २०१९ मध्ये मिळाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने संघटित गुन्हेगारीची व्याख्या देशभर नेली, पण कबुलीजबाबाची ती खास तरतूद मात्र सोबत नेली नाही. संसदेला ती धोक्याची वाटली असेल तर राज्यांच्या कायद्यांतील तरतुदीबद्दल ती गप्प का, हा प्रश्न गृह मंत्रालयाच्या स्थायी समितीने विचारण्यासारखा आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलै २०२५ रोजी अंतरिम आदेश दिला. सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात जाण्याची गरज नाही. परंतु उच्च न्यायालयाचा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही. या दुसऱ्या वाक्याचा परिणाम मुंबईपुरता नाही. मोक्का जानेवारी २००२ पासून राजधानी क्षेत्रातही लागू आहे आणि दिल्ली पोलीस तो टोळ्यांविरुद्ध सर्रास लावतात. कबुलीजबाबांविषयी मुंबई उच्च न्यायालयाने इतक्या बारकाईने जे लिहिले, ते दिल्लीच्या सत्र न्यायालयात मोक्काच्या आरोपीचा वकील त्या आदेशानंतर वाचून दाखवू शकतो, त्याचा आधार मात्र मागू शकत नाही.